लेबलात गाव नाही

वेस्टसाइडचा उगम पावडर-लिपस्टिकच्या धंद्यात आहे. टाटांनी १९९८ साली लॅक्मे हिंदुस्तान लिव्हरला विकली आणि त्याच वर्षी लिटलवुड्स या ब्रिटिश कंपनीचं बंगळूरचं दुकान घेतलं. त्याचंच पुढं वेस्टसाइड झालं. लॅक्मे नावारूपाला आणणाऱ्या सिमोन टाटाच याही धंद्याच्या मागे होत्या.

इतर मोठी दुकानं दहा कंपन्यांचे कपडे मांडतात. इथं जवळजवळ सगळा माल घरच्याच लेबलांचा. देशी पेहरावाला उत्सा, तरुणांना नुऑन, भरल्या अंगाच्या बायकांना जिया. त्यामुळं नफा वाटून द्यावा लागत नाही, आणि एखादी नक्षी चालली नाही की झटकन बदलता येते.

आपल्याला यात मिळालं ते कमी नाही. छापलेली किंमत, घालून बघायला खोली, घासाघीस नाही. जियाचं तर मला कौतुकच वाटतं. 'तुमच्या मापाचं नाही हो' हे वाक्य किती जणींनी मान खाली घालून ऐकलंय!

पण गेलं काय, तेही बघू या. माहेश्वरी, चंदेरी, इरकली ही नावं इंदूर, ग्वाल्हेर, बेळगावकडच्या बायकांच्या तोंडी आहेत आणि त्या प्रत्येकात विणणाऱ्यांचं गाव आहे. उत्सा म्हटलं की कुठलं गाव आठवतं? दुकानाचं लेबल दुकानापाशीच थांबतं.

याच कंपनीच्या झुडिओत बहुतेक कपडे हजाराच्या आतले. खरी अडचण तिथं आहे. महागाची साडी घेताना आपण चारदा विचार करतो. तीनशेचा कुडता विचार करूच देत नाही. तत्त्वार्थसूत्रात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगताना 'कुप्य' शब्द येतो, आणि सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ सांगताना सुती-रेशमी वस्त्रं धरली आहेत. म्हणजे कपाटही व्रतात आलंच. 'स्वस्तात मिळालं' म्हणून मर्यादा शाबूत राहत नाही.

दुकानावर रागावून काय होणार? विकणं हे त्याचं कामच आहे. मोजणं आपलं. दशलक्षणात परिमाण घेणार असाल, तर बायांनो, ते रुपयांत घेऊ नका, नगांत घ्या.