उसन्या सुरांचं पॅरिस

‘पॅरिस: ला बेल एपोक’ हा यो-यो मा या चेलोवादकाचा २००३ सालचा अल्बम. कॉलेजात असताना मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा साफ निराश झाले होते. मला अ‍ॅकॉर्डियन हवा होता, कॅफे हवा होता, पावसात चमकणारा दगडी रस्ता हवा होता. थोडक्यात, सिनेमांनी दाखवलेलं पॅरिस. इथे होता एक चेलो, साथीला ब्रिटिश पियानोवादक कॅथ्रिन स्टॉट, आणि चार रचना. तासाभराहून थोडं जास्त संगीत, पण त्यात शहर कुठे आहे तेच कळेना. अर्ध्यातच सोडला.

परत त्याच्याकडे वळले ते नोकरीसाठी मुंबईत आल्यावर. पहिल्या सहा महिन्यांत ‘मूळची कुठली?’ हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला, की एकदा लोकलमध्ये हा अल्बम कानात वाजत असताना मी तोच प्रश्न यातल्या एकेका रचनेला विचारून पाहिला.

मास्नेचं ‘मेदितास्यों’ मूळचं ‘थाईस’ या ऑपेरातलं. ऑपेरा १८९४ साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आला, पण त्याची गोष्ट घडते इजिप्तमध्ये. अलेक्झांड्रियाच्या एका गणिकेचं मन पालटतं, तो क्षण या सुरावटीत आहे. सँ-साँसचं ‘आवानेझ’ (१८८७) नावातच हवाना घेऊन येतं. त्याची लय क्यूबातल्या हाबानेरा नृत्याची, आणि ते अर्पण केलंय एका क्यूबन व्हायोलिनवादकाला. फोरे दक्षिण फ्रान्समधल्या एका गावातून लहानपणीच शिकायला पॅरिसला आलेला. त्याच्या पहिल्या व्हायोलिन सोनाटाचा पहिला प्रयोग १८७७ साली पॅरिसमध्ये झाला खरा, पण तो छापला जर्मनीतल्या लाइपझिगच्या प्रकाशकाने, तोही फोरेला एक पैसा न देता. आणि फ्रांक? जन्म आजच्या बेल्जियममधल्या लिएजचा. त्याने आपला सोनाटा १८८६ साली युजेन इझाई या बेल्जियन व्हायोलिनवादकाला लग्नाची भेट म्हणून दिला. तो लोकांसमोर पहिल्यांदा वाजला, तोही ब्रसेल्समध्ये.

त्या प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध आहे. जागा होती चित्रसंग्रहालयाची, दिवस डिसेंबरचे. कार्यक्रम लांबला, उजेड गेला आणि चित्रांच्या काळजीपोटी दिवे लावायला बंदी होती. इझाई आणि पियानोवादक यांनी उरलेला सोनाटा काळोखात, आठवणीतून वाजवला.

म्हणजे चारपैकी एकही रचना पॅरिसचं चित्र काढत नाही. त्यात भर म्हणजे यातली एकही चेलोची नाही. चारही मूळच्या व्हायोलिनच्या. फ्रांकच्या सोनाटाचं चेलोरूप ज्यूल देल्सार या चेलोवादकाने फ्रांकच्या हयातीतच केलं होतं. ते आता चेलोवादकांच्या रोजच्या वाजवण्यातलं झालंय, तरी मूळ घर व्हायोलिनचंच. बरं, त्या काळातल्या पॅरिसमध्ये चेलोला काही मिळालं नव्हतं असंही नाही. सँ-साँसचा चेलो सोनाटा १८७२चा आहे, फोरेचं ‘एलेजी’ आहे. ते सगळं बाजूला ठेवून मा दुसऱ्या वाद्याचं साहित्य उचलतो.

का, याचं उत्तर अल्बम देत नाही. मला एक सुचतं. मा १९५५ साली पॅरिसमध्ये जन्मला, चिनी आईवडिलांच्या पोटी. वडील व्हायोलिनवादक. त्यानेही सुरुवात व्हायोलिनने केली आणि चौथ्या वर्षी चेलो धरला. सातव्या वर्षी कुटुंब अमेरिकेला गेलं. जन्मगाव असूनही आपलं न झालेलं शहर, आणि वडिलांचं असूनही आपलं न झालेलं वाद्य. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की अल्बमचं शीर्षक मला वेगळं ऐकू येतं.

पण कल्पना आवडली म्हणून वादनाला सूट देता येत नाही. व्हायोलिनची रचना चेलोवर आणायची म्हणजे दोनच वाटा. एक तर चेलोने आपल्या वरच्या टोकाला जाऊन मूळ उंची गाठायची, नाहीतर सगळं सप्तकभर खाली उतरवायचं. एखाद्या गायिकेची चीज पुरुषाने गायची तर जे करावं लागतं, तसंच. सूर तेच राहतात, वजन बदलतं.

फोरेच्या बाबतीत हे वजन मला नडतं. त्याच्या तिसऱ्या भागात सूर जमिनीला पाय न टेकता पळतात. मधेच गज बाजूला ठेवून तारा बोटांनी छेडल्या जातात. माची बोटं कुठे अडखळत नाहीत, पण चेलोचा खर्ज त्या पळण्याला शरीर देतो, आणि इथे शरीर नको होतं. ‘आवानेझ’मध्येही व्हायोलिनवर सहज, थोड्या मिजाशीत निसटणाऱ्या जागा इथे कष्टाने कमावल्यासारख्या वाटतात. ‘मेदितास्यों’ सुंदर आहे, फारच सुंदर. लग्नाच्या हॉलमध्ये लावलं तरी कोणी मान वर करून पाहणार नाही.

माझी खरी तक्रार शीर्षकाच्या दुसऱ्या अर्ध्याशी आहे. ‘ला बेल एपोक’, म्हणजे तो सुंदर काळ. हे नाव त्या काळाला नंतर मिळालं, पहिल्या महायुद्धाने सगळं उद्ध्वस्त केल्यावर मागे वळून बघताना. तो काळ सुरू झाला तोच रक्ताने. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने पॅरिसला वेढा घातला, लोक उपाशी राहिले. मग कम्यून आलं, आणि मे १८७१ मध्ये फ्रान्सच्याच सैन्याने शहराच्या रस्त्यांवर हजारो माणसं मारली. फोरे त्या युद्धात लढला होता. सोनाटा त्यानंतर पाचेक वर्षांत लिहिलेला. ‘आवानेझ’ लिहिलं गेलं त्याच्या आदल्याच वर्षी, १८८६ साली, क्यूबातली गुलामगिरी संपली होती, आणि तो ठेका घडवण्यात आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचा हात होता. या चार रचनांच्या पोटात एवढं सगळं आहे. अल्बमचा उबदार, गुळगुळीत आवाज मात्र सगळ्यावर एकच मखमल पांघरतो. परक्यांनी घडवलेलं शहर दाखवायचं, आणि त्या परकेपणाची किंमत कोणी मोजली ते गाळायचं. इथे अल्बम मला कमी पडतो.

तरीही तो माझ्या फोनमधून गेलेला नाही. कारण फ्रांक. इथे चेलो उसनं घेतलंय असं वाटतच नाही. दुसऱ्या भागातली खळबळ चेलोच्या खालच्या तारांवर अधिक काळी, अधिक खरी वाटते. तिसऱ्या भागात, जिथे वाद्य एकटंच स्वतःशी बोलल्यासारखं थांबत थांबत वाजतं, तिथे माचा आवाज चक्क एखाद्या थकलेल्या माणसाचा होतो. मखमल इथे फाटते. आणि मग शेवटचा भाग. पियानो एक साधी, उजळ सुरावट सुरू करतो आणि चेलो तीच सुरावट थोडा मागून उचलतो. स्टॉट पुढे, मा मागे. ती त्याला शहर दाखवत चाललीय, आणि तो गल्ल्या ओळखीच्या असल्यासारखा मागून येतोय.

सातव्या वर्षी सुटलेल्या शहरात पन्नाशीच्या उंबरठ्यावर परत आलेला माणूस कसा चालेल? मला वाटतं, असाच. घाई न करता, पण अर्धं पाऊल मागे.

परवा ऑफिसात नवीन आलेल्या मुलीला मी विचारून बसले, ‘मूळची कुठली गं?’ तिने गावाचं नाव सांगितलं. संध्याकाळी गाडीत मी फ्रांकचा तो शेवटचा भाग पुन्हा लावला.