कोलटकर जे.जे.त शिकले, म्हणून काय?

पेट पास झालात, सिनॉप्सिस लिहायला बसलात आणि विषय म्हणून असा कलावंत सापडला जो लिहितो, चित्रं काढतो, शिवाय वाजवतोही. मोह होणारच. मलाही झाला. अरुण कोलटकरांवरच्या माझ्या पहिल्या आराखड्यात तीन प्रकरणं होती: कवी, चित्रकार, संगीतप्रेमी. तिन्हींना बांधायला एक वाक्य होतं, 'कोलटकर ग्राफिक डिझायनर असल्यामुळे त्यांची कविता चित्रमय आहे.' गाईडनी 'असल्यामुळे'भोवती पेन्सिलीनं गोल केला आणि विचारलं, "जे.जे.तून बाहेर पडलेल्या सगळ्यांचं लिहिणं चित्रमय असतं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. होतं ते फक्त चरित्र. 1949 मध्ये जे.जे.त प्रवेश, मग जाहिरातक्षेत्रातलं नाव, मराठी-इंग्रजी दोन्हीतली कविता, पखवाजाची तालीम, सत्तरच्या दशकात इंग्रजी गाणी लिहून रेकॉर्ड करून पाहणं. सगळं खरं. पण यातलं काहीही कवितेबद्दल काहीच सिद्ध करत नाही. तुमच्या विषयात कोणीही असो, ही चूक तुम्ही करणार, कारण चरित्र आयतं मिळतं.

मग काय करायचं? मला उपयोगी पडली ती साधी गोष्ट सांगतो. कविता मोठ्यानं वाचा, आणि वाचताना काय गळून पडतं ते बघा.

1976 च्या इंग्रजी 'जेजुरी'त शेवटाकडे जेजुरी आणि रेल्वे स्टेशन यांच्या मधल्या वाटेवरची कविता आहे. गाव मागे टाकून तुम्ही निघालात. पुजारी, त्यांची घरं, खांब, पायऱ्या, कमानी अशी आकड्यांची मोजदाद चालू आहे, एखाद्या गाइडबुकसारखी. आणि वाटेत थबकल्यावर दिसतं काय, तर ज्वारीच्या शेतात उड्या मारणारे डझनभर कोंबडे-कोंबड्या. इथे ओळच मोडते. शब्द पानभर वर-खाली विखुरतात. हे मोठ्यानं वाचून दाखवा बघू! मी सेमिनारमध्ये प्रयत्न केला, हसं झालं. कारण ते वाचायचं नाहीच, बघायचं आहे. देवळात, पुजाऱ्यात जे सापडलं नाही ते शेतात सापडलं, हे कवी सांगत नाही. पानाची मांडणी सांगते. सगळ्या पुस्तकातला निर्भेळ आनंद मला तरी तिथेच दिसतो.

आणि कबूल करायला हवं, हे मला वर्षभर दिसलंच नव्हतं. मी ही कविता कुणीतरी नव्यानं टाइप केलेल्या प्रतीवरून वाचत होतो. त्यात सगळे शब्द डाव्या समासाला शाळेच्या रांगेसारखे उभे. कोंबडे नाचतच नव्हते. मूळ पुस्तक क्लिअरिंग हाऊसचं. कोलटकर स्वतः त्या प्रकाशनातले आणि मुखपृष्ठंही तेच करत. अशा माणसाचं पान नव्यानं टाइप करून अभ्यासायचं म्हणजे चित्राचं वर्णन ऐकून समीक्षा लिहिण्यासारखं.

आता उलटं बघा. 'काळा घोडा पोएम्स' (2004) मध्ये कुष्ठरोग्यांच्या बँडवर एक कविता आहे. ती डोळ्यांनी वाचली तर मधल्या ढोलाच्या आवाजांच्या ओळी पोरकट वाटतात, मला वाटल्या. मोठ्यानं वाचली तेव्हा कळलं की त्या ओळी म्हणताना आपणच बँडमध्ये सामील होतो, तोंडानं ठेका धरतो. ज्यांच्याकडे बघून आपण नजर वळवतो त्यांच्याबरोबर! दया दाखवायला मग जागाच उरत नाही.

इथे माझा हात लगेच शिवशिवला: पखवाज! पढंत! बोल आधी तोंडानं म्हणायचे आणि मग वाजवायचे, ही शिस्त ज्यानं अंगी बाणवली तोच असं लिहिणार. पण थांबा. पानावर छापलेले आवाज पखवाजाचे नाहीतच. 'धा' नाही, 'गदिगन' नाही. ते रस्त्यावरच्या बँडचे आहेत, थाळी-ढोलाच्या जातीचे. म्हणजे पखवाजाचा संबंध असलाच तर आवाज तोंडानं उच्चारून लिहिण्याच्या सवयीत असेल, आवाजात नाही. हा फरक लहान दिसतो, पण माझं अख्खं तिसरं प्रकरण त्यावर अडलं आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्याच पुस्तकातल्या पहाटेच्या भटक्या कुत्र्याच्या अंगावरचे ठिपके मुंबईच्या सात बेटांच्या जुन्या नकाशासारखे आहेत. ही प्रतिमा ऐकूनही पोचते, मांडणी मोडली तरी टिकते. म्हणून मी ती 'चित्रकाराचा पुरावा' या यादीतून काढून टाकली. नजर तीक्ष्ण आहे, पण तीक्ष्ण नजरेला डिप्लोमा लागत नाही. गाईडना हे पटलं. तिसऱ्या प्रकरणाला मात्र त्यांनी अजून होकार दिलेला नाही, आणि सध्या मी एका पखवाजवादकाकडे आठवड्यातून दोनदा नुसता पढंत ऐकायला जाऊन बसतो.