चिठ्ठीवर गोळी आहे, कारण कुठं आहे?

मंडळी, तासगावात बेदाण्याचा सौदा होतो तेव्हा माल हातात घेऊन, रंग बघून मगच बोली लागते. गोळीच्या बाबतीत आपण एवढं तरी करतो का? दहा वर्षांपूर्वीची चिठ्ठी मेडिकलवाल्यापुढं धरतो आणि म्हणतो, ‘बीपीची तीच द्या.’ आमची आजची तक्रार या ‘तीच’वर आहे.

अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही बीटा-ब्लॉकर घराण्यातली औषधं. जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात एक साधा विचार केला. हृदयाचा रक्तपुरवठा वाढवता येत नसेल, तर हृदयाची गरजच कमी करू. ॲड्रेनालिनचा हुकूम हृदयापर्यंत पोचू द्यायचा नाही. ठोके मंदावतात, छातीतली कळ थांबते. १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं. पुढं हीच औषधं रक्तदाबावर सर्रास दिली जाऊ लागली, आणि घोळ तिथं सुरू झाला.

२००२ साली ‘लाइफ’ नावाच्या चाचणीत अटेनोलॉल आणि लोसार्टन यांची तुलना झाली. दाब दोन्हींनी जवळपास सारखाच उतरला. पक्षाघात मात्र लोसार्टनवाल्यांत सुमारे पाव हिश्शानं कमी. म्हणजे यंत्रावरचा आकडा बरा, पण मेंदूचं रक्षण तेवढं नाही! ब्रिटननं २००६ मध्ये नुसत्या रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर पहिल्या पसंतीतून काढली. आपल्या केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून २०२२ मध्ये अटेनोलॉल गेलं. जुन्या चिठ्ठ्यांवर ते अजून आहे.

पण थांबा, एवढं ऐकून घरी जाऊन गोळी फेकू नका. हृदयाची पंप करण्याची ताकद घटलेल्या रुग्णाला हे औषध देणं एके काळी चूक मानत. १९९९च्या दोन मोठ्या चाचण्यांत बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉलनं अशा रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशानं घटवले. तिथं ही गोळी जीव वाचवते. झटका येऊन गेलाय पण पंप शाबूत आहे, अशांना ती किती दिवस द्यावी, यावर मात्र डॉक्टरांतच अजून वाद चालू आहे.

आणि गोळी एकाएकी बंद केली, की इतके दिवस दाबून ठेवलेलं हृदय उसळतं. नाडी धावते, छातीत दुखतं, क्वचित झटकाही येतो. बागेत छाटणीची घाई, गोळ्या संपल्या, ‘पुढच्या आठवड्यात आणू’ — हे इथं घरोघरी घडतं. इन्सुलिन घेणाऱ्यांची आणखी एक अडचण: साखर उतरली की होणारी धडधड ही गोळी झाकून टाकते, घाम तेवढा सुटतो.

आता सांगा, आपली गोळी नुसत्या दाबासाठी, छातीच्या कळेसाठी, की अशक्त हृदयासाठी? चिठ्ठीवर नाव असतं, १-०-१ असतं, कारण नसतं. बदलायची की चालू ठेवायची हे नवा डॉक्टर मग कशावरून ठरवणार? तोही ‘तीच’ लिहितो. पुढच्या खेपेला आपणच म्हणा, ‘डॉक्टर, ही कशासाठी, तेवढं नावापुढं लिहून द्या.’