रक्त पिणारा प्रियकर आणि आपले वाचक

रंजनपर कादंबरीवर गंभीरपणे लिहायचे नसते, असा एक संकेत आपल्याकडे रूढ आहे. प्रस्थापित समीक्षक तिला वाङ्मयात धरीत नाहीत आणि आपण चळवळीतली माणसे तिला वेळेचा अपव्यय म्हणतो. कारणे वेगळी, निकाल एकच. या निकालावर मीही अनेक वर्षे सही करीत आलो. खरे सांगायचे तर विद्यार्थीदशेत मी नारायण धारपांच्या भयकथा रात्र रात्र वाचल्या. त्या गादीखाली असत आणि उशाशी बाबासाहेबांचे ग्रंथ. कोणी खोलीत आले की काय दिसावे याची मी काळजी घेत असे.

गेल्या पावसाळ्यात शहागंजच्या घड्याळाजवळ रद्दीच्या गाड्यावर शार्लेन हॅरिस या अमेरिकन लेखिकेची ‘डेड अन्टिल डार्क’ (२००१) ही कादंबरी हाती लागली. रक्तपिशाचाची, म्हणजे व्हॅम्पायरची विनोदी प्रेमकथा. शहागंजातच एका मित्राच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही काही जण रविवारी वाचायला जमतो. शिक्षक, विद्यार्थी, दोन-तीन कार्यकर्ते. तिथे ती मी प्रकरणाप्रकरणाने मराठीत सांगितली. पुढे जे बोलणे झाले, त्यासाठी हा लेख.

गोष्ट अशी. लुइझियानातल्या एका लहान गावात सुकी नावाची मुलगी बारमध्ये वाढप्याचे काम करते. तिला माणसांच्या मनातले ऐकू येते. जपान्यांनी कृत्रिम रक्त शोधून काढले आहे, त्यामुळे व्हॅम्पायरांना माणसे मारायची गरज उरलेली नाही आणि ते उघडपणे समाजात वावरू लागले आहेत. त्यांतला एक बारमध्ये येतो. त्याचे नाव बिल, हे ऐकून सुकीला हसू आवरत नाही. ब्रह्मसमंधाने ‘माझे नाव बाळू’ म्हणावे, तसे ते आहे. आमच्या खोलीतही हशा पिकला. लेखिकेचा विनोद हा असा आहे: भयाच्या अंगावरचा जरीचा शेला ती हळूच ओढून घेते.

सुकी त्याच्या प्रेमात का पडते? तो देखणा आहे म्हणून नव्हे, तर त्याच्या मनातले तिला काहीच ऐकू येत नाही म्हणून. मला ही लेखिकेची एक गमतीदार युक्ती वाटली होती. एम.ए.ची एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, ही गंमत नाही. खोली भाड्याने मागायला गेलो, समोरच्याने आडनाव विचारले, की त्याच्या मनात काय चालले ते आम्हाला ऐकू येते. तोंडाने तो ‘खोली कालच दिली’ एवढेच म्हणतो. असा एखादा माणूस भेटावा की ज्याच्याजवळ बसल्यावर हे ऐकणे थांबेल, असे आम्हाला वाटत नसेल का?” खोली शांत झाली. इतक्या वर्षांच्या अध्यापनात एवढी नेमकी समीक्षा मी कमी ऐकली आहे.

पुढे गावात मुलींचे खून होतात. व्हॅम्पायरांबरोबर गेलेल्या मुली मारल्या जातात. मारणारा सुकीच्या ओळखीतलाच निघतो आणि त्याने स्वतःच्या बहिणीलाही त्याच कारणासाठी मारलेले असते. कल्पित भयकथेतले हे सर्वांत वास्तव पान आहे. ज्या नगर जिल्ह्यात २०१३ मध्ये सोनई आणि २०१४ मध्ये खर्डा घडले, तो आमच्या मराठवाड्याला लागून आहे. तिथे प्रेमाच्या कारणावरून आपली पोरे मारली गेली. हे पान ऐकताना कोणी हसले नाही.

इथपर्यंत मी या कादंबरीच्या बाजूने आहे. माझे भांडण पुढे आहे. हा बिल आहे कोण? १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात तो दक्षिणेच्या बाजूने लढलेला सैनिक आहे. म्हणजे ज्या बाजूला गुलामगिरी टिकवायची होती, तिचा सैनिक. सुकीच्या आजीला याचे कोण कौतुक! त्या सैनिकांच्या वंशजांचे तिचे एक मंडळ आहे आणि तिथे त्याचे भाषण ठेवले जाते. कादंबरीवरून २००८ मध्ये ‘ट्रू ब्लड’ ही मालिका आली, तेव्हा मूळची गोरी तारा काळी करण्यात आली. ही तारा त्याला विचारते, तुझ्याकडे गुलाम होते का? तो म्हणतो, माझ्याकडे नव्हते, वडिलांकडे होते. आजी या माहितीनेही खूष! एक काळी मुलगी कथेत बसवताच प्रश्न उभा राहिला.

समाजाने दूर लोटलेला, ज्याच्याशी प्रेम केले म्हणून मुली मारल्या जातात, असा बहिष्कृत इथे दाखवला आहे तो मालकाच्या बाजूने लढलेला माणूस. शोषिताचे कपडे शोषकाच्या अंगावर चढवले आहेत. आता तो बाटलीतले रक्त पितो, म्हणून जुना हिशेब मिटला. हे हृदयपरिवर्तन आपल्याला नवे नाही. आमच्या खोलीपासून गांधींचा पुतळा लांब नाही. त्याच लुइझियानातून जुएल गोमेझ या काळ्या लेखिकेने ‘द गिल्डा स्टोरीज’ (१९९१) ही कादंबरी सुरू केली. तिची नायिका १८५० मध्ये मळ्यावरून पळालेली गुलाम मुलगी आहे. ती व्हॅम्पायर होते, पण रक्त घेताना जीव घेत नाही आणि बदल्यात काही देऊन जाते. हिशेब कोणी ठेवायचा, हे दोन लेखिकांनी असे वेगळे ठरवले.

आपल्याकडच्या भुतांनाही जात आहेच. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होतो. खवीस काही ठिकाणी मुसलमानाचे भूत म्हणतात, काही ठिकाणी महार-मांगाचे. आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ २०२४ मध्ये आला, लोक हसले. २०२५ मध्ये त्यांनीच ‘थामा’ हा रक्तपिशाचाचा विनोदी प्रेमपट काढला. खविसाची प्रेमकथा अजून माझ्या पाहण्यात नाही.

हॅरिस यांच्या मालिकेचा तेरावा आणि शेवटचा भाग मे २०१३ मध्ये निघाला. प्रकाशनाआधीच शेवट फुटला आणि वाचक भडकले. लेखिकेला धमक्या आल्या. तिचा गुन्हा काय? सुकीला तिने हजार वर्षांचा, सत्ताधारी व्हॅम्पायर एरिक न देता सॅम दिला. सॅम म्हणजे तिच्या बारचा मालक, अधूनमधून कुत्र्याचे रूप घेणारा, पण जिवंत आणि रोज तिच्याबरोबर खपणारा माणूस. लाखो वाचकांना सरदारच हवा होता. मला वाटले, आमची मंडळी तरी सॅमच्या बाजूने उभी राहतील. हात वर करायला सांगितले. चळवळीची गाणी म्हणणाऱ्या आमच्या बहुतेक पोरांना एरिकच हवा होता! एक जण तर म्हणाला, “सर, सॅमसारखी माणसे आम्ही घरी रोज बघतो.” यावर मला चटकन उत्तर सुचले नाही.

आडनावाचे बोललेली ती विद्यार्थिनी तेवढी सॅमच्या बाजूने होती. तिचे कारण प्रेमाचे नव्हतेच. “शेवटी त्या बारमध्ये तिची भागीदारी झाली ना?” असे तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि पुस्तक पिशवीत टाकले. घरी भावाने विचारले तर काय सांगणार, असे मी विचारले. म्हणाली, “इंग्रजीचा अभ्यास.”