पितळेचें पातेलें आणि ‘लॅन्सेट’

वाङ्मयाचा विचार करणाऱ्या मासिकांत वैद्यकीय निबंधाचें परीक्षण यावें, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. कथा-काव्यांच्या पंक्तीला यकृताच्या रोगावरील लेख कसा बसावा? पण ज्या लेखाचा विषय आपल्याच स्वयंपाकघरांतील दुधाचें पातेलें आहे आणि ज्याच्या निष्कर्षाशीं आपल्याच लेकरांचें जीवित निगडित होतें, त्याच्याकडे मराठी वाचकानें पाठ फिरवावी, हें आम्हांस त्याहून चमत्कारिक वाटतें.

हिंगोलीसारख्या गांवीं दोन पिढ्यांपूर्वींचें मध्यम स्थितींतलें घर डोळ्यांपुढें आणावें. लेकीच्या लग्नांत पितळेचीं भांडीं देण्याची चाल. फडताळांत त्यांची उतरंड, हीच घराची शोभा. वर्षांतून दोन-तीन वेळां कल्हईवाला येई, झाडाखालीं भाता मांडी, नवसागर टाकून तापलेल्या भांड्यावर कथलाचा बोळा फिरवी, आणि काळवंडलेलें पातेलें चांदीसारखें चमकूं लागे. कल्हई उडाली कीं आमटी कळकते, हें पोरीसोरींनाहि ठाऊक असे. ‘कळकणें’ हें क्रियापद आपल्या भाषेनें याच अनुभवांतून घडविलें. परंतु आंबटाविषयींची ही सावधगिरी गोड्या दुधाच्या बाबतींत तितकी पाळली जात नसे. तान्ह्या बाळाचें वरचें दूध त्याच पातेल्यांत तापे, त्यांतच दिवसभर राही.

अशा घरांतून एक रोग दबा धरून असे. सहा महिन्यांचें ते तीन वर्षांचें मूल किरकिरें होई, पोट फुगे, यकृत दगडासारखें घट्ट लागे. पुढें कावीळ होई आणि बहुधा कांहीं महिन्यांतच सारें आटोपे. ‘बाळाला लिव्हर झालें’ एवढेंच घरचीं माणसें म्हणत. एकाच आईचीं दोन-दोन मुलें जात, म्हणून दोष कधीं कुळाला, कधीं नशिबाला, आणि पुष्कळदां त्या आईलाच दिला जाई. १८८७ सालींच कलकत्त्याकडील अशा रोग्यांचें वर्णन छापून आलें होतें. इंग्रजी ग्रंथांनीं त्याला हिंदी बालकांचा यकृतरोग म्हणून आपल्या देशाचेंच नांव देऊन टाकलें. कारण मात्र जवळजवळ शंभर वर्षें सांपडलें नाहीं.

तें शोधण्याचा मोठा वांटा पुण्याचा आहे. १९७९ सालीं लंडनच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत, या मुलांच्या यकृतांत तांब्याचें प्रमाण भलतेंच वाढलेलें असतें, असें दाखविणारा लेख आला. त्याच्या लेखकांत पुण्याचे डॉ. आनंद पंडित होते. १९८३ सालीं त्याच पत्रांत डॉ. स्टुअर्ट टॅनर, के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. शीला भावे, डॉ. पंडित व त्यांचे सहकारी यांनीं पुढचें पाऊल टाकलें: पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यांत तापविलेलें व ठेवलेलें जनावराचें दूध फार लवकर सुरू करणें, हें रोगाचें कारण असावें. दुधांतील केसीन हें प्रथिन तांब्याला धरून ठेवतें. तान्ह्याच्या यकृतांत जन्मतःच तांब्याचा सांठा अधिक असतो. त्यांत ही रोजची भर. १९८७ सालीं रोगी मुलें व त्यांच्या जोडीचीं निरोगी मुलें यांना काय व कशांत पाजलें, याची तुलना प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं पेनिसिलामाइन या तांबें शरीराबाहेर काढणाऱ्या औषधाचे प्रयोगहि छापले गेले. तें वेळेवर मिळाल्यास कांहीं मुलें वांचतात, असें दिसून आलें.

या लेखांत आम्हांस सर्वांत आवडलेला गुण १९८३ च्या मथळ्यांतच आहे. तेथें ‘संभाव्य कारण’ असे शब्द आहेत. शंभर वर्षांचें कोडें सुटत आल्याचा आनंद ज्यांना झाला असेल, त्यांनीं लेखणी इतकी आवरून धरावी, हा संयम आमच्या ललित लेखकांनींहि शिकण्यासारखा आहे. आणि तो अनाठायीं नव्हता. पितळेचीं भांडीं तर घरोघर होतीं. मग रोग कांहींच मुलांना कां व्हावा? १९९६ सालीं ऑस्ट्रियांतील टायरोल प्रांताविषयींचा एक लेख ‘लॅन्सेट’मध्यें आला. तेथें १९०० ते १९७४ या काळांत १३८ मुलें अशाच रोगानें दगावलीं होतीं. तेथेंहि बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यांतलें दूध होतें, आणि जोडीला आनुवंशिक दोषहि असावा असें दिसलें. तेव्हां कुळाचा संशय अगदींच खोटा नव्हता. पण कूळ बदलतां येत नाहीं, पातेलें बदलतां येतें.

आतां दोष. ज्या आईच्या पातेल्याची चौकशी झाली, तिला ज्या भाषेंत प्रश्न विचारले गेले, त्या भाषेंत उत्तर छापलें गेलें नाहीं. याबद्दल संशोधकांस बोल लावणें मात्र अन्यायाचें होईल. सोनें कसोटीवर लावावें लागतें, आणि त्या काळीं ती कसोटी लंडनला होती. शिवाय १९९२ सालीं रोगाच्या प्रतिबंधावरहि याच मंडळींनीं लिहिलें. परंतु कसाला उतरलेलें सोनें घरीं आणण्याचें काम कोणाचें? तें आमचें, म्हणजे मराठी लेखकांचें व मासिकांचें होतें. आरोग्यावरील आमचें लेखन पाहावें, तर एकीकडे संस्कृत परिभाषेचा असा डोंगर कीं गृहिणीनें पहिल्याच परिच्छेदांत पुस्तक मिटावें. दुसरीकडे ‘हमखास गुण’ देणाऱ्या घरगुती उपायांची खैरात. पहिल्यांत वाचकाविषयीं अनास्था आहे, दुसऱ्यांत सत्याविषयीं. ‘संभाव्य’ हा शब्द दोहोंतहि क्वचितच भेटतो.

यावर कोणी म्हणेल, रोग तर जवळजवळ गेलाच. आतां हा शोक कशाला? रोग विरळा झाला हें खरें. पण आमच्या परिचयाच्या वडील स्त्रियांस आम्हीं मुद्दाम विचारून पाहिलें कीं, तुम्हीं पितळ मोडींत कां घातली? घासायला स्टील सोपें, कल्हईचा खर्च नको, हींच उत्तरें मिळालीं. मुलाच्या यकृताचें नांव एकीनेंहि काढलें नाहीं. म्हणजे सुटका झाली ती बव्हंशीं स्टीलनें केली, ज्ञानानें नव्हे. आणि जी गोष्ट न समजतां गेली, ती न समजतां परतहि येऊं शकते. आज शहरांतल्या दुकानांत पितळेचीं पातेलीं ‘आरोग्यदायी’ म्हणून पुन्हां मांडलीं जात आहेत. पातेलें आलें, झाडाखालीं भाता मांडणारा कल्हईवाला मात्र सहसा दिसत नाहीं. तांब्यांतल्या पाण्याची गोष्ट निराळी आणि बाळाच्या दुधाची निराळी, हा भेद विक्रेता सांगणार नाहीं. तो सांगणारे कागद इंग्रजी ग्रंथालयांत पडून आहेत.

पुण्याच्या या वैद्यांच्या लेखांचा सोपा, नेमका, ‘संभाव्य’ शब्द न गाळतां केलेला मराठी सारांश कोणी लिहील, तर आमच्या मतें तें वर्षांतल्या पुष्कळ कथासंग्रहांहून मोलाचें पुस्तक होईल. तोंवर एवढेंच सांगतों: आजीचें पितळी पातेलें फडताळांत खुशाल मिरवावें, तान्ह्याचें दूध त्यांत तापवूं नये.