रिफेहची ‘आत्मगृहे’ : एका संज्ञेची चिकित्सा

मध्य ईजिप्तमध्ये अस्यूतच्या दक्षिणेस रिफेह येथे फ्लिंडर्स पेट्री यांनी १९०६-०७ च्या हंगामात उत्खनन केले. तेथील सामान्य लोकांच्या दफनभूमीत त्यांना भाजलेल्या मातीच्या सुमारे १५० प्रतिकृती मिळाल्या. त्यांना ‘आत्मगृहे’ हे नाव पेट्री यांनीच दिले. १९०७ च्या वृत्तांतातील हे नाव आजही ग्रंथांतून व वस्तुसंग्रहालयांतून रूढ आहे. आमच्या मते ते वस्तूचा अर्धाच भाग दाखविते.

ह्या वस्तू प्रत्यक्ष पाहिल्यास घर हे सर्वांत आढळत नाही. अंगण मात्र बहुधा असतेच. काही नमुने म्हणजे केवळ काठ उचललेली तबके होत. त्यांत बैलाचे मुंडके, पुढची तंगडी, भाकऱ्या असे पदार्थ मातीचेच घडविलेले असतात. मध्ये पाण्याचे पाट, पुढील काठास पाणी बाहेर जाण्याची वाट. पुढे मागच्या बाजूस आडोसा येतो, मग खांबांची ओसरी, खोल्या, जिना, क्वचित दुसरा मजलाही; आत खाट व खुर्चीसुद्धा. परंतु घर कितीही वाढले तरी पदार्थ व पाट सहसा सुटत नाहीत. निवाऱ्यासाठीच केलेल्या वस्तूस अंगणातून पाणी वाहवून देण्याचे कारण काय? ह्या वस्तू प्रेताजवळ पुरलेल्या नसून कबरीच्या तोंडाशी, जमिनीवर ठेवीत. तेथे जिवंत मनुष्य येऊन पाणी ओतू शके. दगडी अर्पणपीठ ज्यास परवडत नसे, त्याचे हे मातीचे अर्पणपीठ होय, असे म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते.

पेट्री यांनी तबकापासून दुमजली घरापर्यंत लावलेली विकासश्रेणीही तपासून घेतली पाहिजे. नकाद्याच्या मृत्पात्रांचा क्रम त्यांनी सुमारे ९०० कबरींच्या आधारे लावला होता. एका कबरीतील वस्तू एककालीन असतात, हा तेथे भक्कम पाया होता. रिफेहच्या वस्तू पृष्ठभागावरच्या, म्हणजे तो पाया येथे ढिला. आकारावरून क्रम लावावयाचा आणि त्याच क्रमावरून आकाराचा विकास सिद्ध झाला असे म्हणावयाचे, हा अन्योन्याश्रय दोष होय. साधे तबक आधीचे असेल. किंवा ते नुसते स्वस्तही असेल. पुढे हा संग्रह अनेक वस्तुसंग्रहालयांत विभागला गेला, ही अडचण आणखी निराळी.

पेट्री यांचे निरीक्षण मात्र असामान्य होते, हे मान्य केलेच पाहिजे. काड्यांच्या आधारावर माती थापून घर उभे करीत व भट्टीत त्या काड्या जळून जात, हे त्यांनीच ओळखले.

राहिला मराठी प्रतिशब्दाचा प्रश्न. ‘आत्मा’ म्हणताच आपल्या वाचकाच्या मनात देहातीत, निरुपाधिक तत्त्व उभे राहते. ईजिप्ती ‘का’ला तर अन्न लागते, ‘काऊ’ ह्या सजातीय शब्दाचा अर्थच अन्नसामग्री असा आहे. तर्पणाची आठवण होणे स्वाभाविक असले, तरी साम्य म्हणजे संबंध नव्हे. तूर्त ‘गृहाकृती अर्पणतबक’ हा शब्द, कानास कितीही रुक्ष वाटला तरी, वापरावा.