वजनकाटा आणि न्यायाधीश

अमली पदार्थ वाईट, याबद्दल आपल्यात वाद नाही. वाद आहे तो शिक्षा कोणी ठरवायची याचा: न्यायाधीशाने की वजनकाट्याने?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात बहुतेक गुन्ह्यांना किमान १० वर्षं होती, माल थोडा असो वा गाडीभर. २००१ मध्ये संसदेने अल्प, मधलं आणि व्यापारी असे तीन टप्पे पाडले. सुधारणा चांगलीच, पण व्यापारी प्रमाणाला किमान १० वर्षं सक्तमजुरी आणि १ लाख दंड राहिला. हेरॉइनची ही रेघ २५० ग्रॅमवर आहे. २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, भेसळीसकट सगळं वजन धरायचं. त्यांचा मुद्दा बिनबुडाचा नाही, कारण बाजारात विकला जातो तो भेसळीचाच माल. पण परिणाम बघा. ३०० ग्रॅम पुडीत ५ ग्रॅम हेरॉइन असेल, तरी १० वर्षांच्या खाली येता येत नाही. २०० ग्रॅम शुद्ध हेरॉइन असेल, तर किमान शिक्षाच नाही. आणि पिशवी वाहणारा गरीब माणूस व पिशवी पाठवणारा शेठ, काट्यावर दोघे सारखेच.

कलम ३२-ब वाचा. किमानपेक्षा जास्त शिक्षा देताना काय विचारात घ्यावं, याची यादी तिथे आहे. कमी कधी द्यावी, याची नाही. म्हणजे कायद्याला न्यायाधीशाचा विवेक चालतो, पण एकाच दिशेने!

ॲरिस्टॉटल म्हणतो, नियम सर्वसामान्य असतो, प्रसंग विशिष्ट. म्हणून लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांची शिशाची मोजपट्टी तो उदाहरणाला घेतो. ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. वाकते म्हणजे खोटं मोजते असं नव्हे.

आता कोणी विचारेल, न्यायाधीशागणिक शिक्षा बदलली तर? शंका रास्त आहे. पण विवेक कायद्याने नाहीसा होत नाही, तो फक्त जागा बदलतो. कोणतं कलम लावायचं, माल कुणाच्या नावावर दाखवायचा, हे ठाण्यात ठरतं आणि तिथे कारणं द्यावी लागत नाहीत. न्यायाधीशाला ती लिहावी लागतात, त्यावर अपील होतं.

याच कायद्यातल्या सक्तीच्या फाशीबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती सक्ती काढली आणि २०१४ मध्ये संसदेने कायदाही तसा बदलला. फाशीला जे लागू, ते १० वर्षांना का नको? ‘विशेष कारणं नोंदवून किमानपेक्षा कमी शिक्षा देता येईल’, एवढं एक वाक्य ३२-ब मध्ये घाला. माझी मागणी इतकीच आहे.